दर नंतर सांगा, पैसे कधी सुटणार ते आधी सांगा

जागा नावावर होती, नकाशा मंजूर झाला होता आणि आर्किटेक्टने इस्टिमेट हातात ठेवलं होतं: ५० लाख. आमच्याकडे साठलेले १० होते, म्हणजे ४० बँकेकडून काढायचे. आकडे मी मुद्दाम असे गोल ठेवतेय आणि त्यांच्यापुढे चलन लिहीत नाहीये. तुम्ही कुठलंही चलन धरलं तरी हिशोब तोच निघतो. व्याजाचे दर मात्र त्या वेळी आम्हाला सांगितले गेले तेच आहेत, आज ते बदललेले असणार.

घर बांधण्यासाठी कर्ज आणि तयार घर घेण्यासाठी कर्ज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बँकेतले लोक सांगतात, पण सांगून लगेच पुढे सरकतात. तयार घराला बँक एकदाच पैसे देते. विकणारा पैसे घेतो, किल्ली देतो, दुसऱ्या महिन्यापासून हप्ता सुरू. तिथे दराची तुलना पुरेशी असते, फार तर प्रोसेसिंग फी बघायची. बांधकामाला बँक तुकड्यातुकड्याने पैसे सोडते आणि प्रत्येक तुकड्याला तिची अट असते. कर्जाची तुलना करून देणारी जी कोष्टकं, जे कॅल्क्युलेटर सहज मिळतात, ते सगळे तयार घर गृहीत धरून बनवलेले असतात. त्यात ‘स्लॅबच्या आधी की नंतर’ असा रकानाच नसतो. तो रकाना मला माझा काढावा लागला, आणि शेवटी निकाल त्याच रकान्यावर लागला.

चार ठिकाणांहून प्रस्ताव घेतले. पहिली मोठी बँक, दर ८.६ टक्के, दोन बँकांमधला कमी. दुसरी त्या मानाने मध्यम, ८.७५ टक्के. तिसरी घरकर्ज देणारी वित्तसंस्था, पहिली दोन वर्षं ७.९ टक्के पक्का आणि पुढे ‘प्रचलित दराने’. चौथी एक पतसंस्था, तिथला माणूस अगदी आत्मविश्वासाने म्हणाला, ‘मॅडम, बाकीच्यांचे साडेआठ-पावणेनऊ, आमचे फक्त पाच.’

या पाच टक्क्यांचा निकाल तिथल्या तिथे लावता येतो, म्हणून आधी तोच सांगते. ते पाच टक्के फ्लॅट होते. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. एक लाख, दहा वर्षं, पाच टक्के फ्लॅट: व्याज ५० हजार, एकूण दीड लाख, भागिले १२० महिने, हप्ता १,२५०. आता उलटा विचार करायचा. घटत्या शिलकीवर व्याज लावणाऱ्या बँकेत दहा वर्षांसाठी १,२५० चा हप्ता कुठल्या दराला बसतो? साधारण ८.७ टक्क्यांना. म्हणजे पाच टक्क्यांचा बोर्ड लावून माणूस पावणेनऊच्या शेजारीच बसलेला होता. शिवाय मुदत दहाच वर्षं, म्हणजे ४० लाखांना ५० हजारांचा हप्ता. ते आम्हाला झेपणारं नव्हतं. चहा चांगला होता.

फ्लॅट निदान ओळखता तरी येतो. त्याहून बारीक एक गोष्ट असते, ती म्हणजे तुम्ही भरलेलं मुद्दल शिलकीतून कधी वजा होतं. रोज, महिन्याला, की वर्षाच्या शेवटी? दर ९ टक्के, मुदत २० वर्षं, तर महिन्याच्या हिशोबाने लाखाला हप्ता ९०० येतो. वजावट वर्षातून एकदाच होत असेल तर त्याच ९ टक्क्यांना ९१३ येतो, म्हणजे खरा दर ९.२ च्या आसपास गेला. आमच्या चारांपैकी कुणीच वर्षाची पद्धत लावत नव्हतं, पण मी प्रत्येक ठिकाणी विचारलं आणि उत्तर लेखी मागितलं. एका ठिकाणी समोरच्या मुलाला आत जाऊन साहेबांना विचारून यावं लागलं.

तिसऱ्या संस्थेचे ७.९ टक्के ऐकून नवरा खूश झाला होता. दोन वर्षं तरी निवांत, असं त्याचं म्हणणं. मी त्याला वहीत काढून दाखवलं की तयार घरासाठी ही सवलत खरी आहे, कारण तिथे पहिल्या दिवसापासून पूर्ण ४० लाखांवर स्वस्त व्याज मिळतं. बांधकामात ही दोन वर्षं पहिला टप्पा सुटल्या दिवसापासून मोजतात. सव्वा-दीड वर्ष तर बांधण्यातच जाणार, आणि त्यातल्या अर्ध्याहून जास्त काळ निम्मं कर्जही उचललेलं नसणार. म्हणजे सवलतीची मुदत छोट्या रकमेवर संपवायची आणि पूर्ण रक्कम अंगावर आली की थोड्याच महिन्यांत ‘प्रचलित दर’ लागू. तो प्रचलित दर आज किती आहे, हे विचारल्यावर ९.४ असं उत्तर मिळालं. तिसरी संस्था तिथेच मागे पडली.

राहिल्या दोन. ८.६ आणि ८.७५.

वीस वर्षांसाठी ८.६ टक्क्यांना लाखाला हप्ता ८७४ येतो, ८.७५ ला ८८४. चाळीस लाखांवर महिन्याला साधारण ३८० चा फरक, वीस वर्षांत ९२ हजारांच्या आसपास. दर बघून ठरवणाऱ्याने इथेच सही केली असती आणि त्याला कुणी नावं ठेवली नसती. मला पहिल्या बँकेचं कोटेशन पुन्हा नीट वाचायचं होतं, कारण त्यावरचा हप्ता माझ्या हिशोबाशी जुळत नव्हता. माझ्याकडे ३४,९६६ येत होते, त्यांच्याकडे ३६,०१५.

हा हजाराचा फरक विम्याचा निघाला. कर्जदाराच्या आयुष्याचा विमा, हप्ता एकरकमी १ लाख २० हजार, आणि तो ‘तुमच्यावर बोजा नको म्हणून’ कर्जातच मिळवलेला. म्हणजे कर्ज ४० चं नाही, ४१ लाख २० हजारांचं, आणि त्या विम्याच्या पैशावरही वीस वर्षं व्याज. दुसऱ्या बँकेचा विम्याशिवायचा हप्ता ३५,३४८ होता. स्वस्त बँकेचा हप्ता महाग बँकेपेक्षा साडेसहाशेने जास्त! प्रोसेसिंग फी वेगळीच. पहिलीची कर्जाच्या एक टक्का, म्हणजे ४० हजार. दुसरीची सरसकट १० हजार.

विमा हवाच, त्याबद्दल माझं दुमत नाही. दोघांच्या पगारावर घर उभं करायचं आणि विमा काढायचा नाही, हे वेडेपण आहे. पण तो कर्जाला शिवून घ्यायची गरज नसते. साधा मुदतीचा विमा वेगळा काढला की कर्ज लवकर फेडलं किंवा बँक बदलली तरी तो चालू राहतो. ‘हा विमा सक्तीचा आहे का?’ असं विचारल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने दिलेलं उत्तर मला अजून पाठ आहे: ‘सक्तीचा नाही मॅडम, पण सगळे घेतात.’ मग मी म्हटलं, सक्तीचा नसल्याचं कोटेशनवर लिहून द्या आणि विम्याशिवायचं दुसरं कोटेशन काढा. काढलं, पण त्यावर दर ८.६ चा ८.७ झाला. म्हणजे दरातली ती सवलत विम्याच्या बदल्यात होती.

असल्या गोष्टी उघड्या पाडण्यासाठी बऱ्याच देशांनी कायदे केलेत. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, सांगणं बंधनकारक झालं. यात व्याजाबरोबर शुल्कंही धरून एकच आकडा द्यायचा असतो. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाने घरकर्जासाठी सगळ्या बँकांना एकाच नमुन्यातलं माहितीपत्रक सक्तीचं केलं आणि ग्राहकाला विचार करायला किमान सात दिवस दिले. भारतात १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य गोष्टींचं पत्रक, द्यावं लागतं, त्यातही एपीआर असतो. तुमच्याकडे यापैकी जे काही लागू असेल ते पत्रक मागून घ्या आणि जाहिरातीवरचा दर विसरून त्यातल्या आकड्याची तुलना करा. तरी एक सांगते, बांधकामाच्या कर्जात एपीआरसुद्धा अर्धीच गोष्ट सांगतो. पैसे महाग किती हे त्यातून कळतं, वेळेवर येणार की नाही हे कळत नाही.

आता मूळ विषय. आमच्या कंत्राटदाराकडे एक वही आहे, कडा सिमेंटने पांढऱ्या झालेली. त्यात त्याने आमच्या घराचं एक पान काढलं होतं, कुठल्या वेळी किती लागणार याचं. करार करताना ५. जोत्याचं काम सुरू होताना ८. पहिल्या स्लॅबच्या आधी १०. दुसऱ्या स्लॅबच्या आधी ८. वीटकाम सुरू होताना ६, गिलावा, प्लंबिंग आणि वायरिंगला ७, फरशी-दारं-रंग यांना ५, आणि ताबा देताना १. बेरीज ५०. प्रत्येक ओळीत ‘आधी’ किंवा ‘सुरू होताना’. मी त्याला विचारलं, नंतर दिले तर? तो म्हणाला, ‘ताई, स्टीलवाला काय माझा मेहुणा आहे का?’

खरंच आहे ते. स्लॅबला लोखंड, सेंट्रिंग, काँक्रीट आणि भरपूर माणसं एकाच वेळी लागतात, आणि एकदा ओतायला सुरुवात झाली की मध्ये थांबता येत नाही. तो खर्च आगाऊच असतो.

बँकेचं कोष्टक मात्र बरोबर उलटं असतं. काम झालं की तिचा माणूस येऊन बघणार, फोटो काढणार, ‘इतके टक्के पूर्ण’ असा दाखला देणार आणि मग तेवढे पैसे सुटणार. बँकेची बाजूही समजण्यासारखी आहे. अर्धवट जोतं तारण म्हणून विकायला गेलं तर कोण घेणार? म्हणून ती उभ्या राहिलेल्या कामाच्याच मागे चालते. कंत्राटदार एक पाऊल पुढे, बँक एक पाऊल मागे, आणि मधलं अंतर कर्जदाराने आपल्या खिशातून भरायचं. हे अंतर किती हेच दोन प्रस्तावांत ताडून बघायचं होतं.

पहिल्या बँकेची अट होती की तुमचे १० लाख आधी पूर्ण खर्च झाले पाहिजेत, त्यानंतर आमचे सुरू. तिच्या कोष्टकात जोतं पूर्ण म्हणजे काम २० टक्के, पहिला स्लॅब पूर्ण म्हणजे ४०, दुसरा ६०, वीटकाम ७५, गिलावा ८५, मग शेवट. वीस टक्के म्हणजे १० लाखांचं काम, ते आमच्याच पैशातून झालेलं धरणार. म्हणजे जोतं उभं राहिलं तरी बँकेचा एक पैसा नाही. पहिल्या स्लॅबच्या आधी कंत्राटदाराला एकूण २३ लाख गेलेले हवेत आणि आमच्याकडे १०. खड्डा १३ लाखांचा. स्लॅब पडला की बँक १० देणार, तोवर दुसऱ्या स्लॅबची वेळ, एकूण गरज ३१, हातात २०. खड्डा ११. पुढे तो सात, साडेसहा असा कमी होतो, पण ताबा मिळेपर्यंत बुजत नाही.

दुसरी बँक आमचा हिस्सा आणि तिचा हिस्सा जोडीने चालवत होती. काम सुरू झाल्याचं दाखवलं की कर्जाच्या १५ टक्के, म्हणजे ६ लाख. जोतं झालं की एकूण ४० टक्के, १६ लाख. पहिला स्लॅब झाला की २४, दुसरा झाला की ३०, गिलाव्यानंतर ३६ आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर ४०. हे कंत्राटदाराच्या पानाशेजारी लिहून काढलं. पहिल्या स्लॅबच्या आधी गरज २३, बँकेचे १६ आणि आमचे १० मिळून २६. दुसऱ्याच्या आधी ३१ हवेत, ३४ आहेत. वीटकामाला ३७ हवेत, ४० आहेत. पहिली कमतरता थेट गिलाव्याला, ४ लाखांची. फरशीला ३ ची. म्हणजे एका बँकेत सुरुवातीलाच तेराचा खड्डा आणि दुसरीत शेवटाकडे चारचा.

तेरा लाख कुठून आणायचे? वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी मिळत होतं. इथे नवऱ्याने चांगला मुद्दा काढला. तो म्हणाला, खड्डा भरायला घेतलेल्या कर्जाचं सगळं व्याज जादा धरू नकोस, कारण तेवढ्या काळात बँकेचं कर्ज कमी उचललेलं असतं. बरोबर होतं. जादा धरायचा तो दोन दरांतला फरक. सरासरी ८ लाखांचा खड्डा, दहा महिने, १४ आणि ८.६ मधला ५.४ टक्क्यांचा फरक, म्हणजे ३६ हजार. ऐकायला फार नाही. पण वैयक्तिक कर्जाचा हप्ता दुसऱ्याच महिन्यापासून सुरू होतो, भाडं चालूच असतं, आणि असं कर्ज आधीच डोक्यावर दिसलं की घरकर्जाची पात्रता कमी होते. पहिल्या बँकेने स्वतःच सांगितलं की दुसरं कर्ज असेल तर ४० ऐवजी ३४ पर्यंतच मंजूर होईल. खड्डा भरायला जावं तर मोठा खड्डा तयार.

हे सगळं एका कागदावर मांडून मी पहिल्या बँकेत पुन्हा गेले. दराबद्दल बोललेच नाही. पहिल्या स्लॅबच्या आधी सेंट्रिंग आणि लोखंड बांधून झालं की काही रक्कम सोडाल का, एवढंच विचारलं. अधिकारी चांगला होता, त्याने प्रामाणिकपणे वर विचारलं, आणि उत्तर आलं की दर ८.५ करता येईल, टप्पे बदलता येणार नाहीत. मला हे फार बोलकं वाटलं. दर हा बँकेच्या विक्रीचा भाग, तो हलवायचा अधिकार शाखेला असतो. टप्पे हे जोखमीचा भाग, ते वरून ठरून येतात. त्यामुळे घासाघीस सगळी दराचीच होते आणि ग्राहकालाही वाटतं की आपण जिंकलो.

दुसऱ्या बँकेतही टप्पे बदलले नाहीतच. तिथला खड्डा मी कंत्राटदाराकडून बुजवला. गिलाव्याचे ७ एकदम न घेता बाहेरच्या गिलाव्याला ३ आणि आतल्याला ४ असे घ्यायला तो तयार झाला, कारण सुरुवातीचे पैसे वेळेवर येणार हे त्याला बँकेच्या पत्रात दिसत होतं. एवढ्याने पहिला अर्धा भाग चाळीसात बसला आणि उरलेल्यासाठी आमच्या पगारातली काही महिन्यांची बचत पुरणार होती. कंत्राटदाराशी करार बँकेच्या मंजुरीपत्रानंतर करावा, आधी नाही, हे माझं मत तेव्हा पक्कं झालं. आधी करार केला की हप्त्यांची अदलाबदल करायला तो का ऐकेल?

टप्प्यांच्या बाबतीत अजून दोन बारीक गोष्टी विचारून घेतल्या. एक, पाहणीला माणूस किती दिवसांत येणार आणि प्रत्येक पाहणीचं शुल्क लागणार का. पहिल्या बँकेत दर पाहणीला शुल्क, दुसरीत पहिल्या आणि शेवटच्या पाहणीलाच. दोन, व्याज कुठल्या तारखेपासून. हा प्रश्न बावळट वाटतो, पण तो विचाराच. भारतात रिझर्व्ह बँकेला २९ एप्रिल २०२४ ला परिपत्रक काढावं लागलं, कारण तपासणीत असं आढळलं की काही ठिकाणी कर्ज मंजूर झाल्याच्या किंवा करारावर सही झाल्याच्या तारखेपासून व्याज लावत होते, पैसे प्रत्यक्ष हातात पडल्यापासून नाही. चेकने दिलेल्या कर्जात चेकवरच्या तारखेपासून व्याज आणि चेक मात्र कित्येक दिवसांनी हातात, असेही प्रकार होते. बांधकामात टप्पे अनेक, त्यामुळे अशी गळती प्रत्येक टप्प्याला होऊ शकते. आमच्या करारात ‘खात्यात जमा झाल्याच्या दिनांकापासून’ हे शब्द आहेत याची मी खात्री करून घेतली.

बांधकाम चालू असेपर्यंत हप्ता नाही, उचललेल्या रकमेचं फक्त व्याज, अशीही सोय दोन्हीकडे होती. सोळा लाख सुटलेले असताना ८.७५ ने महिन्याला ११,६६७. भाड्याच्या घरात राहून हे पेलण्यासारखं असतं. फक्त ही सोय किती काळ, ते बघायचं. दुसऱ्या बँकेत १८ महिने किंवा काम पूर्ण होणं, जे आधी होईल ते. त्यानंतर घर अर्धवट असलं तरी जेवढं उचललंय त्यावर पूर्ण हप्ता सुरू. या काळात भरलेल्या पैशातून मुद्दल काहीच फिटत नाही, म्हणून ज्यांना झेपतं त्यांनी पहिल्यापासून पूर्ण हप्ता भरावा, असं मी म्हणेन. आम्हाला भाड्यामुळे झेपलं नाही.

बदलत्या दराबद्दलही लिहायला हवं, कारण दोन्ही प्रस्ताव फ्लोटिंगच होते. फ्लोटिंग म्हणजे एक आधारदर आणि त्यावर बँकेचा स्प्रेड, म्हणजे तिची वरची टक्केवारी. आधारदर कुठला, तो किती महिन्यांनी लावून बघणार आणि स्प्रेड मुदतभर तोच राहणार का, हे तीन प्रश्न. आधारदर बँकेचा स्वतःचा अंतर्गत असेल तर दर चढताना लगेच चढतो आणि उतरताना रेंगाळतो, अशी तक्रार जगभर आहे. भारतात १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या फ्लोटिंग घरकर्जांना बाहेरचा आधारदर सक्तीचा झाला तो याच कारणाने. बाहेरचा दर म्हणजे सगळं आलबेल असंही नाही. लायबॉर म्हणजे लंडनमध्ये मोठ्या बँका एकमेकींना ज्या दराने कर्ज देत तो दर; त्यावर जगभरातली कितीतरी कर्जं बेतलेली होती, त्यात बँकांनी फेरफार केल्याचं २०१२ मध्ये उघड झालं आणि जून २०२३ अखेर डॉलरचा लायबॉरही गुंडाळला गेला.

दर वाढला तर काय होतं याचा हिशोब मात्र प्रत्येकाने एकदा हाताने करावा. नऊ टक्के, वीस वर्षं, लाखाला हप्ता ९००. दर १० टक्के झाला आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तर कर्ज २६ वर्षांवर जातं. साडेदहा झाला तर ३४ वर्षांवर. अकरा टक्क्यांना महिन्याचं व्याजच ९१७ होतं, म्हणजे ९०० च्या हप्त्यात व्याजही पूर्ण फिटत नाही आणि कर्ज वाढत जातं. म्हणून दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत, हे आम्हाला विचारून ठरेल असं लिहून घेतलं. उलट दिशेचाही हिशोब आहे. दर वर्षी एक हप्ता जादा भरला, तर तेच नऊ टक्क्यांचं वीस वर्षांचं कर्ज साडेतीन वर्षांच्या आसपास लवकर संपतं. त्यासाठी मुदतपूर्व भरण्याला दंड नाही हे कागदावर असावं लागतं. दुसऱ्या बँकेत नव्हता. तिसऱ्या संस्थेत पक्क्या दराच्या दोन वर्षांत होता, तेही कारण होतंच.

नवऱ्याचा एक मित्र मला म्हणाला, ‘कमी दर तो कमी दर, बाकी सगळं किरकोळ.’ त्याला मी पोलंड आणि हंगेरीचं सांगितलं. तिथे कितीतरी कुटुंबांनी घरासाठी स्विस फ्रँकमध्ये कर्जं घेतली, कारण त्यावरचा दर देशी चलनापेक्षा बराच कमी होता. पगार देशी चलनात आणि कर्ज फ्रँकमध्ये. २००८ नंतर फ्रँक महागत गेला, १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँक फार महाग होऊ नये म्हणून युरोशी बांधलेली मर्यादा सोडली आणि तो एका दिवसात उसळला. पोलंडमध्ये कर्जदारांचं देणं रातोरात फुगलं. हंगेरीने थोडे महिने आधीच कर्जं देशी चलनात वळवायचं ठरवलं होतं, म्हणून तिथले त्या दिवशी वाचले. मित्र म्हणाला, आपण कुठे फ्रँकमध्ये घेतोय. ते खरंच.

शेवटी दुसरी बँक. सही करायच्या आधी मंजुरीपत्राची प्रत घरी आणून वाचली. त्यात तीन गोष्टी दुरुस्त करून घेतल्या. मंजुरीची मुदत तीन महिन्यांची होती, ती सहा करून घेतली, कारण पावसात खोदकाम सुरू करणार नव्हतो. काम २४ महिन्यांत पूर्ण झालं नाही तर दंडाचा दर लागणार होता, तिथे ‘बँकेने पैसे सोडायला लावलेला उशीर वगळून’ हे शब्द घालून घेतले. आणि मंजूर रकमेतली काही उचललीच नाही तर त्यावर शुल्क लागणार नाही, हे स्पष्ट करून घेतलं. शाखेतल्या बाईंनी तीनही बदल स्वतः हाताने लिहून शिक्का मारला. म्हणाल्या, ‘इतकं कुणी वाचत नाही हो.’

जागेची मूळ कागदपत्रं देताना पानवार यादी करून त्यावर पोच घेतली. यादीच्या दोन प्रती, एक बँकेत, एक आमच्याकडे.

जोतं पूर्ण झाल्यावर बँकेचा माणूस आला. टेप घेऊन दोन बाजू मोजल्या, चार कोपऱ्यांचे फोटो काढले, नकाशावर टिक केली, आणि जोत्याच्या आत भर नीट दाबली आहे का ते बुटाच्या टाचेने ठोकून बघितलं. दाखला त्याच आठवड्यात गेला आणि पैसे जमा झाल्यावर कंत्राटदाराने लोखंड मागवलं.

शेवटचा ४ लाखांचा टप्पा आम्ही पूर्ण उचलला नाही. कपाटं आणि कुंपण पुढे ढकललं आणि २ लाखांवर थांबलो. कर्ज ३८ वर आलं, हप्ता ३३,५८१ ठरला, आणि न उचललेल्या रकमेवर शुल्क लावलेलं पहिल्या विवरणपत्रात दिसलं. हाताने लिहिलेली, शिक्का मारलेली ती ओळ दाखवली, आणि पुढच्या विवरणात ते परत जमा झालं.